पाणचक्की: गॅझेटिअरमधली आणि नळातली

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीची गॅझेटिअरमधली हकिकत दोन-तीन वाक्यांची आहे. चक्की १६९५ च्या सुमारास तुर्कताज खानाने उभारली, हा निजाम-उल्-मुल्क आसफजाहच्या पदरचा सरदार; मशिदीपुढचा लांबट हौद आणि कारंजी वीस वर्षांनी जमील बेग खानाने वाढवली.

यातली सरदाराची ओळख तपासण्यासारखी आहे. मीर कमरुद्दीनला निजाम-उल्-मुल्क ही पदवी १७१३ मध्ये मिळाली, आसफजाह ही १७२५ मध्ये. १६९५ साली तो चोविशीतला मोगल मनसबदार होता. म्हणजे ही ओळख मागाहून लिहिलेली आहे. तेवढ्याने साल खोटे ठरत नाही. पण या वाक्याला १६९५ चा समकालीन पुरावाही मानता येत नाही.

चक्की कशी फिरे, याची साक्ष बांधकामच देते. हर्सूलच्या बाजूने आठेक किलोमीटरवरून खापरी नळांनी आलेले पाणी इथल्या उंच भिंतीत चढते आणि वरून पडून आडव्या चाकाच्या पात्यांवर आदळते. चाकाचा उभा दांडा वरची तळी फिरवतो. पाणी आपोआप चढते, त्याअर्थी उगमाची पातळी भिंतीच्या माथ्याहून उंच आहे. पडण्याची उंची सहा मीटर धरली, तर पाण्याचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त ११ मीटर भरतो.

मधल्या नळाचा हिशेब वेगळा. भरून वाहणाऱ्या नळाचा व्यास निम्मा झाला, की तेवढेच पाणी चौपट वेगाने जावे लागते. अरुंद जागी वेग वाढून दाब उतरतो. डॅनिएल बर्नुलीचा ‘हायड्रोडायनॅमिका’ १७३८ मध्ये छापला गेला, त्यातला हाच विषय. पण अरुंदपणा लांबवर असेल तर खरे नुकसान घर्षणाचे: तेवढ्याच प्रवाहाला त्या टप्प्यात सुमारे ३२ पट. खापरी नळात गाळ आणि चुन्याचे थर साचले, की उगमाला पाणी असूनही भिंतीवर कमी पोहोचणार. म्हणून पाणचक्कीच्या इतिहासात बांधणाऱ्यांइतकीच नळ साफ करणाऱ्यांची गणना व्हायला हवी.

शहरातल्या नहरींवरचे, म्हणजे अशा नळमार्गांवरचे, उघड्या तोंडाचे मनोरे इथे उपयोगी पडतात. पाणी माथ्यापर्यंत चढून दुसऱ्या बाजूने उतरे, तेव्हा त्या जागचा दाब माथ्याच्या उंचीएवढाच असणार. दोन मनोऱ्यांच्या माथ्यांतला फरक, मधले अंतर आणि शिल्लक नळाचा थरासकटचा आतला व्यास मोजला, तर त्या टप्प्यातून किती पाणी जात असेल याचा अंदाज काढता येतो. सालाचा वाद त्याने मिटणार नाही. चक्कीला किती पाणी मिळत होते, हे मात्र कळेल.