भांडं ठरलं, पण उपसणार कोण?

घरात संडास बसवायचा म्हटलं की सगळी चर्चा भांड्यापाशी येऊन थांबते. कमोड की भारतीय? पांढरं की आयव्हरी? आमच्या चिमूरच्या न्हाणीघरासाठीही घरात हेच चाललं होतं. मी मात्र या वस्तूचा इतिहास वाचत बसलो आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आला. हे उपसणार कोण?

आपल्या जुन्या वाड्यांत टोपलीचे संडास असायचे. मागच्या बोळातून कुणीतरी यायचं आणि मैला डोक्यावरून घेऊन जायचं. ते 'कुणीतरी' कोण, हे जातीनं आधीच ठरवून ठेवलेलं. घर स्वच्छ, बोळ दुसऱ्याचा!

या प्रश्नाला थेट हात घातला तो कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितलं. ते मिळेना म्हणून अन्नत्यागाचा मार्ग धरला. येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून 'गोपुरी संडास' आला. युक्ती साधी होती. दोन कप्पे, एक वापरात आणि दुसरा बंद. वर माती, पालापाचोळा टाकायचा. बंद कप्प्यातल्या मैल्याचं काही महिन्यांत सोनखत होतं.

इकडे आपल्या विदर्भात, १९४२ च्या चिमूरच्या लढ्याशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं त्या तुकडोजी महाराजांनी १९५५ च्या ग्रामगीतेत गावाच्या सफाईला मानाचं स्थान दिलं.

आजचा दोन शोषखड्ड्यांचा संडास याच कल्पनेचा पाण्यावर चालणारा भाऊ. भांड्याला तीव्र उतार, खाली पाणी अडवणारा वाकडा पाइप, म्हणजे वास वर येत नाही आणि दीड-दोन लिटर पाण्यात काम होतं. पुढे चेंबर, तिथून एका वेळी एकाच खड्ड्याकडे वाट. खड्ड्याच्या विटांत जाळी ठेवायची, तळ पक्का करायचा नाही. पहिला भरला की चेंबरमध्ये वाट बदलायची. दोनेक वर्षांनी पहिल्यातून निघतं ते कोरडं खत. फावड्यानं कुणीही काढावं, अगदी घरमालकानंही.

पण गावोगावी मिस्त्री सुचवतात ती 'सेफ्टी टँक'! मोठी टाकी दिसायला भारी आणि वर्षानुवर्षं विसरून जाता येते. आत मात्र ओला गाळ आणि विषारी वायू साचतात. भरली की परत तोच 'कुणीतरी' लागतो. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय माणसाला तिथं उतरवणं गुन्हा ठरवलं. तरी माणसं मरत राहिली. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये दहा लाख आणि २०२३ मध्ये तीस लाख ठरवली. हा आकडा वाचताना मला टोपली आठवते.

असो. कुणी बांधत असाल तर सांगतो. काळ्या मातीत पाणी हळू मुरतं, तेव्हा खड्ड्याभोवती वाळू-गिट्टीचा थर द्या. विहीर-बोअरपासून लांब राहा. आंघोळीचं पाणी या खड्ड्यांत सोडू नका, त्याचा शोषखड्डा वेगळा. जागाच नसेल आणि टाकीच बांधावी लागली, तर उपसणारी गाडी तिच्याजवळ पोचेल अशी वाट ठेवा.

भांड्याचा रंग त्यानंतर निवांत ठरवता येतो.