रोजगार हमीचा कर आणि मजुराची पसंती

पुनर्वितरणासाठी कर बसविताना दोन प्रश्न उभे राहतात: कोणाकडून किती घ्यावे, आणि घेतलेले गरजूला कोणत्या रूपात द्यावे. ग्राहकाच्या पसंतीत शासनाने हेतुपुरस्सर हस्तक्षेप करावा अशा गरजांचा एक वर्ग रिचर्ड मसग्रेव्ह यांनी १९५९ च्या आपल्या ग्रंथात मांडला. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना या पालकत्वाचेच उदाहरण मानली जाते. ते कितपत खरे, हे येथे पाहावयाचे आहे.

१९७२ च्या दुष्काळात नांदेड जिल्ह्यात, तसेच तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात मोडणाऱ्या लातूर, उदगीर, अहमदपूर या तालुक्यांत, शेतकरी व शेतमजूर दोघेही खडी फोडण्यास गेले. कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर परदेशी मिलो. पोट भरे, परंतु काय खावे हे खाणारा ठरवीत नसे. येथे पालकत्व उघड होते.

पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेस कायद्याचे रूप आले. १९७५ पासून व्यवसाय कर सुरू झाला, आणि १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ रोजी अंमलात आला. कर मुख्यतः शहरी पगारदार व व्यावसायिकांवर पडला. संविधानाने त्याची वार्षिक मर्यादा २५० रुपये ठेवली होती. १९८८ मध्ये ती २५०० झाली. मर्यादेपलीकडे मिळकत कितीही वाढली तरी कर वाढत नाही. मजुराला मात्र केलेल्या कामाच्या मापाने दाम मिळे, आणि कामाचा प्रकार निवडण्याचा हक्क त्यास नव्हता.

तथापि श्रमाची ही अट मजुराच्या हिताची कल्पना करून घातली गेली, असे म्हणणे अपुरे आहे. करदात्यास फुकट दान नको होते, आणि कष्टाचे काम मागणारा खरोखरच गरजू असणार, ही खात्री अटीमुळे मिळे. म्हणजे पालकत्वाच्या पोटात करदात्याची पसंतीच होती. मजुराच्या पसंतीस एकच जागा उरली: कामाची मागणी करणे. ती जागाही अरुंद होती, कारण काम न दिल्यास द्यावयाचा बेकारी भत्ता कायद्याने दिवसाला किमान एक रुपया इतकाच ठरविला होता. १९८८ मध्ये मजुरीचे दर वाढले, तेव्हा कामाची ओढ वाढावयास हवी होती. प्रत्यक्षात पुरविलेला रोजगार घटला. ‘मागेल त्याला काम’ हे तत्त्व तेथे ढळले.

१९९० च्या सुमारास योजनेस जोडलेल्या फळबाग लागवडीत लहान शेतकऱ्यास स्वतःच्या रानात कोणते झाड लावावे हे ठरविता आले. करदात्याची अट तशीच राहिली, आणि घेणाऱ्याच्या निवडीसही वाव मिळाला. पुनर्वितरणाची अट घालताना ती कोणाच्या पसंतीची आहे हे आधी विचारले पाहिजे, हाच या इतिहासाचा बोध होय.