जुन्या बुलेटचे इंजिन बांधताना : बोअरिंग किती, बदल किती?

येलदरी (जि. परभणी) : वाऱ्यावर थंड होणाऱ्या जुन्या इंजिनाची फेरबांधणी हा जगभरातील वाहनप्रेमींच्या आवडीचा, पण तितकाच खर्चिक विषय आहे. युरोप-अमेरिकेत या संदर्भात पोर्शे ९११ या स्पोर्ट्स कारचे नाव प्रथम घेतले जाते. तिची एअर-कूल्ड इंजिने १९९८ पर्यंत तयार होत होती. मराठवाड्यात हा मान ओतीव लोखंडी सिलिंडरच्या बुलेटकडे जातो. जिंतूर तालुक्यातील येलदरीच्या परिसरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा हवेत केवळ वाऱ्यावर विसंबणाऱ्या इंजिनाच्या बांधणीत मापाची चूक चालत नाही. त्यातच, इंजिनात केलेला बदल २०२१ च्या नियमांमुळे गाडीच्या नोंदणीवरही परिणाम करू शकतो.

आधी माप, मग यंत्रकाम

बुलेट ३५० च्या जुन्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर असते. त्यावरून क्षमता ३४६ सीसी येते. सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. वरच्या रिंगची धाव जिथे संपते तिथे झीज अधिक असते आणि पिस्टनचा दाब ज्या बाजूला येतो त्या बाजूला भोक लंबगोल होते. त्यामुळे वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी बोअर गेजने माप घेणे आवश्यक ठरते. झीज मर्यादेत असल्यास होनिंग आणि नव्या रिंगांवर काम भागते. नसल्यास बोअरिंग करावे लागते.

मोठ्या मापाचे पिस्टन साधारणतः पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी मिळतात. संपूर्ण एक मिलिमीटर बोअरिंग केले तरी क्षमता सुमारे १० सीसीनेच वाढते. म्हणजे बोअरिंग हा ताकद वाढविण्याचा उपाय नसून झीज भरून काढण्याचा आहे. कापलेले लोखंड परत येत नाही. म्हणून कमीत कमी टप्प्यात काम उरकणे शहाणपणाचे. शेवटचा टप्पाही संपल्यास नवी स्लीव्ह बसवावी लागते किंवा सिलिंडर बदलावा लागतो.

उन्हाळा आणि फट

ॲल्युमिनियम तापले की ओतीव लोखंडापेक्षा सुमारे दुपटीने प्रसरण पावते. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडर लोखंडाचा असल्याने दोहोंतील फट फार कमी ठेवल्यास भर उन्हात, चढावर, दोघे बसलेले असताना पिस्टन जाम होण्याची भीती असते. फट जास्त राहिली तर खडखड आवाज येतो आणि तेल जळू लागते. पिस्टन बनविणाऱ्याने दिलेले माप हेच येथे प्रमाण मानावे. कामासाठी सिलिंडर शहरातील कार्यशाळेत पाठविताना नवा पिस्टनही सोबत द्यावा; आधी पिस्टन मोजून मगच भोक कापले जाते. सिलिंडरच्या फिनांमध्ये बसलेली काळी माती व तेलाचा थर काढून टाकावा आणि त्यावर जाड रंग देऊ नये. दोन्ही गोष्टींमुळे उष्णता बाहेर पडण्यास अडथळा होतो.

उपयुक्त सुधारणा

जुन्या बुलेटमध्ये कनेक्टिंग रॉडच्या बिग एंडला तरंगता बुश असतो. त्याऐवजी रोलर बेअरिंग बसविणे ही लोकप्रिय सुधारणा आहे, कारण रोलरला तेलाच्या दाबाची गरज तुलनेने कमी असते. मात्र जोडणीनंतर क्रँक डायल गेजवर सरळ करून घेतला नाही, तर महाग बेअरिंगही फार काळ टिकत नाही. तेलाचे दोन्ही पंप, म्हणजे इंजिनाला तेल पुरविणारा आणि ते परत खेचणारा, याच वेळी तपासावेत.

देशभरात २००० पासून शिसेमुक्त पेट्रोल आले. शिशामुळे व्हॉल्व्हच्या बैठकीला मिळणारे संरक्षण त्याबरोबर संपले. त्यामुळे हेड उघडलेच असेल तर कठीण धातूच्या बैठका आणि नवे गाइड बसविणे हिताचे ठरते. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यामुळे कार्बोरेटरमधील जुने रबरी भाग खराब होऊ शकतात आणि मिश्रण पातळ होऊन इंजिन अधिक तापते. रबरी भाग बदलणे आणि जेटचे माप तपासणे हा त्यावरील उपाय होय.

ॲल्युमिनियमच्या केसिंगमधील आटे वारंवारच्या कसण्याने निघून येतात. तेथे पोलादी थ्रेड इन्सर्ट बसवितात. पोर्शेच्या १९६८ ते १९७७ या काळातील बहुतेक मॅग्नेशियम केसिंगांनाही हाच रोग होता आणि त्यांवरही हाच इलाज केला जातो.

नियमांची मर्यादा

जुलै २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खासगी वाहनाला ‘विंटेज’ म्हणून नोंदणी मिळू शकते. त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात असावे लागते. चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी, अशी अट आहे. अशा वाहनाचा रस्त्यावर नियमित वापरही करता येत नाही. याखेरीज, नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार मनाई आहे. त्यामुळे ३५० च्या गाडीवर परवानगीशिवाय ५०० सीसीचे इंजिन बसविणे अडचणीचे ठरू शकते.

रोज चालवायची गाडी आणि जपून ठेवायची गाडी यांचे हिशेब असे वेगवेगळे आहेत. पहिलीसाठी रोलर बेअरिंग, कठीण बैठका यांवरील खर्च योग्य. दुसरीच्या बाबतीत इंजिन उघडण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात चौकशी केलेली बरी. दोन्ही बाबतींत काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत आणि प्रत्येक माप वहीत नोंदवावे. पुढच्या वेळी इंजिन उघडणाऱ्या कारागिराला सिलिंडरमध्ये किती लोखंड शिल्लक आहे, हे त्या नोंदीवरूनच कळणार असते.