पापणी, पारा आणि रेडिएटरचा व्हॉल्व्ह

जानेवारीत बर्मिंगहॅमला भाच्याकडे होतो. फजरला उठलं की खोलीत हात आखडायचे. खिडकीखाली रेडिएटर, त्याच्या नळाला १ ते ५ आकडे असलेला गोल नॉब. तीनवर ठेवला की खोली साधारण २० अंशांवर राहायला हवी. पण रेडिएटर कोमटच.

"मामू, व्हॉल्व्ह बिघडलाय, बदलून घेतो," भाचा म्हणाला.

व्हॉल्व्ह बिघडलेला नव्हता. खिडकीचा जाड पडदा जमिनीपर्यंत येत होता आणि त्याच्या मागे रेडिएटर नॉबसकट झाकला जात होता. पडद्याआड तापलेली हवा कोंडायची. नॉबला वाटायचं, खोली तापली. तो पाणी बंद करायचा. आम्ही पडदा वर बांधला आणि अर्ध्या तासात रेडिएटर तापला.

या नॉबचा फोटो मी कौतुकाने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत एका नातेवाइकाचा फॉरवर्ड आला: थर्मोस्टॅटचा शोध बाराशे वर्षांपूर्वी बगदादच्या मुसलमानांनी लावला, युरोपने तो चोरला. खाली हिरवे झेंडे. असे फॉरवर्ड मी सहसा सोडून देतो. पण यात निम्मं खरं होतं, आणि निम्मं खरं सोडून देता येत नाही.

खरं ते आधी सांगतो. नवव्या शतकात बगदादला मुहम्मद, अहमद आणि हसन हे तीन भाऊ होते. वडील मूसा इब्न शाकिर, म्हणून त्यांना 'बनू मूसा' म्हणतात. वडील लवकर गेल्यावर खलिफा मामूनने मुलांचं शिक्षण केलं. पुढे त्यांनी ग्रीक ग्रंथ मिळवण्यावर आणि त्यांच्या भाषांतरांवर पदरचा पैसा ओतला. साबित इब्न कुर्रासारखा गणिती हर्रानहून बगदादला आला तो यांच्यातल्याच मुहम्मदमुळे. इ.स. ८५० च्या सुमारास त्यांचं 'किताब अल-हियल' तयार झालं. त्यात सुमारे शंभर यंत्रं आहेत. बहुतेक दरबारी करमणुकीची: रंग बदलणारी सुरई, आकार बदलणारं कारंजं. पण त्या गंमतीत एक गंभीर गोष्ट दडली आहे. भांड्यातून पाणी काढलं की पातळी उतरते, तरंगता गोळा खाली येतो, झडप उघडते आणि पाणी पुन्हा तेवढंच भरतं. आपल्या गच्चीवरच्या टाकीतला बॉल कॉक हेच काम करतो. स्वतःच वात वर सारणारा आणि तेल भरून घेणारा दिवाही त्या पुस्तकात आहे.

म्हणजे माणसाने हात न लावता झडपेने स्वतः निर्णय घ्यायचा, ही कल्पना त्यांच्याकडे पक्की होती. ती सर्वस्वी त्यांची होती का? नाही. तरंगत्या गोळ्याची युक्ती फिलोन आणि हेरॉन या ग्रीकांकडे आधीच होती. बनू मूसांनी ती वाचली, सुधारली, निमुळत्या झडपा सफाईने वापरल्या. ग्रीकांची नक्कल केली म्हणून त्यांना हिणवणारे आणि शोध आमचाच म्हणून नाचणारे, दोघांनीही ते पुस्तक उघडलेलं नसतं.

आणि त्यातली झडप पाण्याची पातळी ओळखते. उष्णता ओळखत नाही. इथे फॉरवर्ड खोटा पडतो.

उष्णता ओळखण्याची कला होती ती मिस्रमध्ये, आणि ती यंत्रात नव्हती. मातीच्या मोठ्या भट्ट्यांत हजारो अंडी ठेवून, कोंबडीशिवाय पिल्लं काढण्याचा धंदा तिथे इस्लामच्या कितीतरी आधीपासून चालत आला होता. इ.स. १२०० च्या सुमारास मिस्रमध्ये राहिलेल्या अब्दुल लतीफ अल-बगदादी या हकिमाने त्याचं तपशीलवार वर्णन केलं आहे. शेण आणि गवताच्या धगीवर एकवीस दिवस उष्णता सारखी राखायची. थर्मामीटर नाही. भट्टीवाला अंडं उचलून डोळ्याच्या पापणीला लावायचा. पापणीची कातडी पातळ, तिला लगेच कळतं. जास्त लागलं तर झरोका उघडायचा, कमी लागलं तर धग वाढवायची. अशा एकाही भट्टीवाल्याचं नाव मला ठाऊक नाही. खलिफांच्या दरबारातल्या सुरया आपण मिरवतो, पण माझ्या मते खरा थर्मोस्टॅट ही पापणी होती.

उष्णतेची जाणीव आणि आपोआप हलणारी झडप एकत्र आणली कॉर्नेलिस ड्रेबेल याने. जन्म १५७२, हॉलंडमधल्या अल्कमारचा, पुढे लंडनला राजा जेम्सच्या आश्रयाला. टेम्स नदीत पाणबुडी चालवणारा तो हाच. त्यानेही अंडी उबवण्याची पेटी केली. पेटीभोवती पाणी, पाण्यात आल्कोहोल भरलेली काचेची नळी. पाणी तापलं की आल्कोहोल फुगतं, पाऱ्याला ढकलतं, पारा एक दांडा उचलतो आणि दांडा धुराड्याची झडप लावतो. आग मंदावते. पाणी निवलं की सगळं उलट. बनू मूसांचं पुस्तक त्याने पाहिलं होतं, असं म्हणायला पुरावा नाही. चोरीचा आरोप इथेच संपतो.

पुढची पायरीही अंड्यांचीच. फ्रान्समध्ये रेओम्यूरने मिस्री भट्ट्यांचा अभ्यास करून १७४९ मध्ये अंडी उबवण्यावर ग्रंथ काढला. त्यानंतर बोनमां या फ्रेंच माणसाने नळांतून गरम पाणी फिरवून खुराडी तापवली आणि बॉयलरमध्ये धातूचा दांडा बसवून आगीला मिळणारी हवा आपोआप कमी-जास्त केली. त्याचं पेटंट १७८३ चं. आज युरोपातली घरं ज्या पद्धतीने तापतात, ती आधी कोंबडीच्या पिल्लांना मिळाली! 'थर्मोस्टॅट' हा शब्द तर त्याहून नंतरचा, स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू यूरचा, १८३० चा.

भाच्याच्या खोलीतला नॉब डेन्मार्कच्या आल्स बेटावरचा. माड्स क्लाउसेन याने १९३३ मध्ये आईवडिलांच्या शेतघरात डॅनफॉस कंपनी सुरू केली आणि १९४३ मध्ये रेडिएटरचा थर्मोस्टॅट शोधला. नॉबच्या आत बंद डबीत मेण, द्रव किंवा वायू असतो. हवा तापली की तो फुगतो, खिळा दाबतो, पाणी अडतं. थंड झाला की स्प्रिंग खिळा परत ढकलते. वीज लागत नाही.

पण या स्वस्त युक्तीची एक किंमत आहे. ड्रेबेलची नळी अंड्यांभोवतीच्याच पाण्यात होती, भट्टीवाल्याची पापणी थेट अंड्याला लागत होती. इथे मात्र खोलीची हवा जोखायची आहे, आणि जोखणारा अवयव बसलाय गरम पाण्याच्या नळावरच. म्हणून तो कुठे, कसा बसवला यावर सगळं ठरतं. नॉब आडवा, खोलीकडे तोंड करून हवा. उभा ठेवला तर खालच्या नळाची धग वर चढून त्याला फसवते. पडदा, सोफा, रेडिएटरवरचं शोभेचं झाकण, तिन्ही त्याचे शत्रू. जागाच नसेल तर बारीक नळीने जोडलेली वेगळी जाणीव-डबी मिळते, ती मोकळ्या भिंतीवर लावता येते. आणि ज्या खोलीत बॉयलरचा मुख्य थर्मोस्टॅट भिंतीवर आहे, तिथे हा व्हॉल्व्ह लावू नये किंवा पूर्ण उघडा ठेवावा. नाहीतर हा पाणी अडवतो, खोली थंड राहते, मुख्य थर्मोस्टॅट गप्प बसत नाही आणि बॉयलर उगाच चालत राहतो.

भाच्याचा नॉब उभाच होता. प्लंबर येऊन तो आडवा करून गेला, पडदाही कापून आखूड केला. मी ग्रुपवर वरचं सगळं थोडक्यात लिहून पाठवलं. त्या नातेवाइकाने 'माशाअल्लाह' म्हणून उत्तर दिलं. पुढच्या जुम्याला त्यांच्याकडून तोच फॉरवर्ड पुन्हा आला, या वेळी खाली माझ्या नॉबचा फोटो जोडून.