सुवालीच्या वाळूवर

सुरतेला समुद्र पाहायला जातो म्हटल्यावर घरात हसे झाले. गोव्याच्या माणसाने सुरतेहून घारी आणावी, साड्या आणाव्यात, समुद्र कशाला? पण इतिहासाची आवड असलेल्याला हे पटवून देणे कठीण असते, म्हणून मी गप्प राहिलो.

योग आला तो जानेवारीत. माझ्या साडूने एक जुनी मोठी व्हॅन घेऊन आत दोन बाके, गाद्या, पाण्याची टाकी आणि शेगडी बसवून घेतली आहे. दिवसा बैठक, रात्री बिछाना. अशा चालत्या घरातून आम्ही सहाजण पणजीहून निघालो, साडेआठशेच्या आसपास किलोमीटर तोडले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सुरतेच्या पश्चिमेला सुवालीच्या किनाऱ्यावर येऊन थांबलो.

आपल्या मिरामार-कोलव्याच्या सवयीने पाहाल तर सुवाली काहीच नाही. वाळू काळपट, पाणी गढूळ, बाजूला हजिऱ्याच्या कारखान्यांची धुराडी. माडांऐवजी झुडपे. पण ऊन मात्र काय सुंदर पडले होते! थंडीतले, अंगाला न टोचणारे. ओहोटी लागली होती आणि पाणी इतके मागे गेले होते की समुद्र नेमका कुठे आहे हे बोट करून दाखवावे लागत होते. मुले ओल्या वाळूवर पळत सुटली. बायकांनी शेगडीवर चहा ठेवला. शहरातून येताना कोवळ्या ज्वारीचा पोंक घेतला होता. तो शेव घालून खात मी गाडीच्या सावलीत बसलो आणि ज्यासाठी आलो होतो ती वाळू पाहू लागलो.

कारण आमच्या गोव्याचे नशीब या वाळूवर एकदा रुतले होते.

त्या काळी अरबी समुद्रात फिरायचे तर पोर्तुगीजांचा परवाना लागे. त्याला कार्ताझ म्हणत. परवाना नसलेले जहाज म्हणजे लुटायला मोकळे. (परवान्याच्या कागदाचा दरारा काय असतो हे आम्हा कारकुनांना कुणी शिकवायला नको.) १६१२ साली थॉमस बेस्ट नावाचा इंग्रज कप्तान ‘रेड ड्रॅगन’ आणि ‘होसियांडर’ ही दोन जहाजे घेऊन इथे आला. त्याला हाकलण्यासाठी गोव्याहून चार मोठी गलबते निघाली, नूनो द कुन्याच्या हुकमतीखाली. नोव्हेंबरअखेर लढाई जुंपली. सुवालीसमोर किनाऱ्याला समांतर असा वाळूचा लांब बांध आहे. त्याच्या आतल्या बाजूला जहाजांना सुरक्षित नांगरता येई. इंग्रज त्याला सुवालीचे कुंड म्हणत. भरती-ओहोटीचे गणित चुकले की मात्र मोठे जहाज बुडाला चिकटलेच. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीजांची चारांपैकी तीन गलबते वाळूवर चढली. ती पुन्हा तरंगली खरी, पण अब्रू तरंगली नाही. जानेवारी १६१३ मध्ये इंग्रजांना सुरतेत वखारीचे फर्मान मिळाले.

दोन वर्षांनी, १६१५ च्या आरंभी, खुद्द व्हाइसरॉय जेरोनिमो द आझेवेदो गोव्याहून मोठा काफिला घेऊन आला. निकोलस डाउंटनची चार जहाजे त्याच वाळूच्या आड बसून राहिली. मोठ्या गलबतांना आत शिरता येईना, छोट्या होड्यांनी केलेला हल्ला फसला, पेटत्या होड्या सोडून पाहिल्या त्याही वाया गेल्या. फेब्रुवारीत व्हाइसरॉय परतला. त्याच्या सैनिकांत, खलाशांत आमच्याकडची माणसे किती असतील आणि त्यांतली किती घरी पोचली असतील, असे मनात येऊन गेले. अशा माणसांची नावे लढायांच्या पुस्तकांत नसतात.

त्याच वर्षी सप्टेंबरात सर थॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील इथेच उतरला. त्याच्या स्वागताला मोगल अधिकारी किनाऱ्यावर तंबूत गालिच्यांवर बसून होते. ते उठून उभे राहिल्याशिवाय मी पुढे येणार नाही, असा निरोप रोने धाडला. अखेर ते उठले. आमच्या कचेरीत साहेब आल्यावर कुणी उठायचे आणि कुणी नुसते हलल्यासारखे करायचे, यावर जे राजकारण चालते ते किती प्राचीन आहे पाहा!

रोच्या नजराण्यांत एक घोडागाडी होती. जहांगिराला ती फार आवडली. त्याने तिचे आतले मखमल बदलले, पितळी खिळ्यांच्या जागी चांदीचे ठोकले आणि तशीच दुसरी गाडी बनवून घेतली. १६१६ च्या नोव्हेंबरात अजमेर सोडताना बादशहा नव्या गाडीत आणि नूरजहान विलायतीत बसली. मागे तंबूंचे एक अख्खे शहर चालत होते. चालत्या घराचा शौक मोगलांपेक्षा मोठ्या प्रमाणावर कुणी केला असेल असे वाटत नाही. आमच्या साडूला मी हे सांगितले. तो म्हणाला, त्यांना टोल नव्हता.

हिवाळ्यात, जहाजे मुक्कामाला असेपर्यंत, या किनाऱ्यावरही तात्पुरते गाव उभे राही. १६२७ साली इथे उतरलेल्या टॉमस हर्बर्टने वाण्यांच्या तंबूंचे आणि गवती झोपड्यांचे वर्णन केले आहे. कापड, चिनी साटीन, चिनी मातीची भांडी, अगदी जत्रेसारखे. पुढे डच, फ्रेंचही आले. १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली तेव्हा इंग्रज अध्यक्ष आपल्या मालासह सुवालीतच होता आणि शहरातली वखार राखायला इथूनच खलाशी धाडले गेले.

मला मात्र या सगळ्यांत जवळचा वाटतो तो टॉम कोरियट. हा इंग्रज पायी हिंडणारा. अलेप्पोहून अजमेरपर्यंतच्या दहा महिन्यांच्या प्रवासात आपले तीनच पौंड खर्च झाले आणि त्यातलेही दहा शिलिंग फसवणुकीत गेले, असे त्याने घरी कळवले होते. १६१७ च्या डिसेंबरात तो आजारी स्थितीत सुरतेला पोचला. देशबांधवांनी प्रेमाने विलायती मद्य पाजले, ते पोटाला मानवले नाही आणि तो गेला. सुवालीच्याच बाजूला राजगरी येथे त्याची म्हणून ओळखली जाणारी समाधी पुरातत्त्व खात्याने संरक्षित केली आहे.

कोरियटची आठवण मला आणखी एका कारणाने येते. १९६० नंतरच्या दशकांत त्याच दिशेने, तुर्कस्तान-इराण-अफगाणिस्तान ओलांडून, गोऱ्या मुलांच्या व्हॅनी हणजुण्याला येत. १९७९ साली इराणची क्रांती झाली, रशियाचे सैन्य अफगाणिस्तानात उतरले आणि तो रस्ता बंद झाला. माझ्या मामाच्या कुळागराच्या कडेला अशीच एक व्हॅन वर्षानुवर्षे गंजत पडली होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालत. मामा म्हणे, “पोर बरे होते, घरी आले की आमच्याच पाटावर बसून पेज जेवायचे.” नाव मात्र कुणाला आठवत नव्हते.

आणि आज? रस्त्याकडेला गाडी लावून सिलिंडर मांडणारे पर्यटक दिसले की आम्ही चिडतो. मीही चिडतो. २०२२ साली आमच्या पर्यटन खात्याने उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी घातली, दंड ५० हजारांपर्यंत. तेव्हा मी कचेरीत टाळी दिली होती. आणि इथे दुसऱ्याच्या किनाऱ्यावर माझीच शेगडी पेटलेली, मुगाची खिचडी रटरटत होती.

दुपारी एक भेळवाला आला. आमची मराठी ऐकून थबकला. अमळनेरकडचा, वडील कापड गिरणीच्या कामाला सुरतेत आले, तेव्हापासून इथलाच. खिचडीची ताटली घेऊन तोही सावलीत बसला.

“गोव्यात समुद्र नाही का साहेब?” त्याने विचारले.

आम्ही सगळे हसलो. मग तो उठला आणि हात कपाळावर धरून लांब पाहू लागला. “गाडी मागे घ्या,” म्हणाला, “भरती इथे फार वेगाने येते. चाक रुतले तर काही खरे नाही.”

साडूने घाईने गाडी वर घेतली. मुलांना हाका मारून आणले. मी ताटल्या धुतल्या, कागद आणि शेवेच्या पिशव्या वेचून एका गोणपाटात भरल्या. तोवर सकाळी मुले जिथे पळत होती तिथे पाणी आले होते.