जन्मभराचे तेल

बेळगावहून बागलकोट रस्त्याने निघाले म्हणजे थोड्याच वेळात सांबऱ्याचा विमानतळ लागतो. दुसरे महायुद्ध चालू असताना, 1942 साली, ब्रिटिश हवाई दलाने तो बांधला. 1961 च्या डिसेंबरात गोवामुक्तीच्या वेळी भारतीय हवाई दलाची विमाने येथूनच झेपावली. विमानाच्या देखभालीचा नियम सर्वत्र एकच असतो. उड्डाणाचे तास मोजायचे, ते वहीत नोंदवायचे आणि ठरल्या वेळी तपासणी करायची. यंत्र कुरकुर करू लागेपर्यंत तेथे कोणी वाट पाहत नाही.

त्याच सांबऱ्यात एखाद्या घरापुढे उभ्या असलेल्या मोटारीची कथा मात्र निराळी असते. इंजिनचे तेल मालक न चुकता बदलतो. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांच्या तेलाची गोष्ट निघाली, की काही मोटारींच्या माहितीपुस्तकाकडे बोट दाखवले जाते. हे तेल जन्मभर पुरेल, असे त्यात छापलेले असते. हा जन्म कोणाचा, तेलाचा, मोटारीचा की मालकाच्या हौसेचा, याचा उलगडा व्हावयाचा तर या तेलाचा इतिहासच पाहावा लागतो.

वंगणाचे महत्त्व आपल्याकडे बैलगाडीच्या काळापासून ठाऊक आहे. आसाला वंगण घातल्यावाचून जाणता गाडीवान लांबच्या वाटेला लागत नसे. मोटारीने हा प्रश्न अधिक बिकट केला. वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापते. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दंतचक्रांची रचना, म्हणजेच डिफरन्शियल, फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकर याने 1827 च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी योजली. पुढे 1926 साली अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने हायपॉइड पद्धतीची दंतचक्रे मोटारीत बसवली. त्यांत पिनियन क्राउनच्या मध्याखाली बसतो. त्यामुळे गाडीचा तळ खाली आणता आला. पण दात एकमेकांवर नुसते न फिरता प्रचंड दाबाखाली घासू लागले. साध्या तेलाचा पातळ थर त्या दाबापुढे तुटे. म्हणून गंधकासारखी द्रव्ये मिसळलेली खास तेले निघाली. धातूच्या पृष्ठावर ती रक्षक थर धरतात आणि काम करता करता स्वतः खर्ची पडतात.

स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेलही असेच घडत गेले. जनरल मोटर्सने 1940 च्या ओल्ड्समोबिल मोटारींत हायड्रामॅटिक ही यंत्रणा दिली. अशा यंत्रांच्या तेलात कित्येक वर्षे स्पर्म व्हेल माशाचे तेल मिसळत. 1970 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत व्हेलच्या तेलावर बंदी आली आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावा लागला. त्यानंतर कृत्रिम तेले उत्तरोत्तर सुधारत गेली. पूर्वी वारंवार बदलावे लागणारे तेल लाखभर किलोमीटर टिकू लागले. ‘जन्मभर’ हा शब्द या खऱ्या प्रगतीतूनच जन्मला. तो निव्वळ थाप नव्हे. पण पूर्ण सत्यही नव्हे.

कारण तेल कितीही उत्तम असो, उष्णतेने ते जुने होते. दंतचक्रांच्या दाबाखाली त्याचा दाटपणा कमी होतो, मिसळलेली द्रव्ये संपत जातात आणि झिजलेल्या लोखंडाची बारीक पूड त्यातच राहते. डिफरन्शियलला सहसा गाळणी नसते. तळाच्या बोल्टवर लोहचुंबक असेल, तर त्यास चिकटलेला काळा चिखलच तेलाची कहाणी सांगतो. पावसाळ्यात तापलेले डिफरन्शियल ओढ्याच्या पाण्यात उतरले, की आतली हवा आकसते आणि हवेच्या छिद्रातून पाणी आत ओढले जाऊ शकते. आंबोली किंवा चोर्ला घाट चढणाऱ्या भरल्या गाडीच्या तेलाला सपाटीवरल्या गाडीच्या तेलाहून कितीतरी अधिक ताप सोसावा लागतो.

अनेक मोटार कंपन्यांना स्वयंचलित गिअरबॉक्स पुरवणाऱ्या जर्मनीतील झेडएफ या कारखान्याचा सल्ला येथे मोलाचा आहे. गाडी चालवण्याच्या रीतीनुसार 80,000 ते 1,20,000 किलोमीटरांनंतर, किंवा फार तर आठ वर्षांनी, तेल बदलावे, असे तो कारखाना सांगतो. यंत्र घडवणाराच जेथे मुदत घालतो, तेथे ‘जन्मभर’ या शब्दाचा अर्थ मर्यादित घ्यावा हे बरे. चार-पाच वर्षांत गाडी विकणाऱ्या पहिल्या मालकापुरता तो शब्द बहुधा खरा ठरतो. पण आपल्याकडे खाजगी मोटारीची पहिली नोंदणीच 15 वर्षांची असते आणि पुढे तिचे नूतनीकरणही होते. तेवढ्या काळात गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाती जाते. पहिल्याने वाचवलेल्या तेलाचे पैसे तिसऱ्याला गिअरबॉक्सच्या दुरुस्तीत भरावे लागतात. आणि जुनी गाडी घेणारा तो बहुधा बेताच्या मिळकतीचा गृहस्थ असतो.

तेल बदलले की गिअरबॉक्स बिघडतो, अशी समजूत गॅरेजांतून ऐकू येते. पुष्कळदा गिअर घसरू लागल्यावरच मालकाला तेलाची आठवण होते; मग आधीच झिजलेल्या यंत्राचे अपयश नव्या तेलाच्या माथी येते. म्हणून बदल वेळेवर व्हावा. जुनाट गिअरबॉक्सवर दाबाने धुण्याचा प्रयोग करू नये. तेल सावकाश निथळू द्यावे. नवे तेल कंपनीने नेमून दिलेल्या जातीचेच हवे. डिफरन्शियलसाठी केलेले तीव्र तेल काही गिअरबॉक्समधील पितळी कड्यांना अपाय करते. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये तर तेलाची पातळी सांगितलेल्या तापमानालाच पाहावी लागते.

तेव्हा नव्या गाडीचे तेल दरवर्षी बदलण्याची घाई नको आणि जन्मभराच्या भरवशावर स्वस्थ बसणेही नको. बदलाची तारीख आणि किलोमीटर एका वहीत लिहून ठेवावे, आणि गाडी विकताना ती वही नव्या मालकाच्या हाती द्यावी. सांबऱ्याच्या धावपट्टीवर जी शिस्त विमानाला लागते, तिचा एवढा अंश घरच्या मोटारीलाही पुरतो.