कंपित स्वराचा प्रवास

व्हायोलिन शिकणाऱ्या मुलाला पहिली दोन-तीन वर्षे एकच ध्यास लागलेला असतो. मोठ्या वादकांचे डाव्या हाताचे बोट तारेवर थरथरते आणि त्या थरथरण्यातून स्वर जिवंत होऊन उठतो. ती थरथर आपल्या बोटात केव्हा येणार? आमच्या धर्मग्रामाच्या गायकवृंदात मी हे वाद्य शिकू लागलो तेव्हा माझीही हीच गत होती. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सासाठी तालीम चालू असताना एका लांब स्वरावर मी गुपचूप बोट हलवून पाहिले. आमच्या वृद्ध मास्तरांनी तालीम थांबवली, गज खाली ठेवायला लावला आणि म्हणाले, "बाळा, आधी स्वराला सरळ उभे राहू दे. ज्याला उभे राहता येत नाही, त्याच्या हलण्याला नाच म्हणत नाहीत, तोल जाणे म्हणतात."

सर्वांदेखत झालेल्या त्या कानउघाडणीचा मला फार राग आला. पुष्कळ वर्षांनी या वाद्याचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की मास्तरांचे ते उद्गार म्हणजे चार शतकांहून अधिक काळ चाललेल्या एका वादातील एका पक्षाची बाजू होती. त्या वादाची ही कहाणी.

बोट तारेवर रोवून ते किंचित मागे-पुढे डोलवले, की तारेचा कंप पावणारा भाग सूक्ष्म प्रमाणात लांबतो व आखडतो. त्यासरशी स्वर खाली-वर होतो. पाश्चात्त्य संगीतात याला 'व्हायब्रेटो' म्हणतात. आपण त्याला स्वरकंप म्हणू. आज जगातील बहुतेक व्हायोलिनवादक जवळजवळ प्रत्येक लांब स्वरावर तो घेतात, आणि त्यामुळे ऐकणाऱ्याला तो या वाद्याचा जन्मजात गुण वाटतो. वस्तुस्थिती तशी नाही. ही सवय अवघी शंभर-सव्वाशे वर्षांची आहे.

स्वरकंप मात्र जुनाच. व्हेनिस येथील सिल्वेस्त्रो गानासी याने १५४२ साली गजाने वाजवायच्या 'व्हायोल' या वाद्यावर ग्रंथ लिहिला. शब्द व संगीत विषण्ण असतील तेथे गजाचा हात आणि डाव्या हाताची बोटे कंपित करावीत, असे तो सुचवतो. म्हणजे कंप हा दुःखाचा अलंकार होता, नित्याचे वस्त्र नव्हे. पुढे १६३६ साली मारँ मेर्सेन या विद्वान फ्रेंच धर्मबंधूने संगीतावरील आपल्या प्रचंड ग्रंथात ल्यूट वाद्यावरील अशाच कंपाचा उल्लेख केला. आधीच्या पिढीने त्याचा अतिरेक केला म्हणून आता लोक त्याकडे पाठ फिरवू लागले आहेत, अशा आशयाचे तो लिहितो. अतिरेक आणि तिटकारा यांचे हे हेलकावे तेव्हापासून चालू आहेत.

त्याच काळात इटलीतील चर्चमधील ऑर्गनवर एक आगळा स्वरसंच असे. एकाच स्वराच्या दोन नळ्या किंचित बेसूर लावल्या, की त्यांच्या संयोगातून मंद हेलकावे उठतात. या संचाला पुढे 'वोचे उमाना', म्हणजे मानवी कंठ, हे नाव रूढ झाले. मिस्सामध्ये पवित्र भाकर उंचावली जाते त्या क्षणी हा संच वाजवण्याची प्रथा होती. भजकांचे गुडघे टेकलेले, मंदिर निःशब्द, आणि वर माडीवरून तो थरथरता नाद. कंपित स्वर म्हणजे देवापुढे उभ्या राहिलेल्या माणसाचा आवाज, ही जाणीव त्या अनाम ऑर्गन घडवणाऱ्यांना झाली होती, असे मला वाटते.

अठराव्या शतकाच्या मध्यास हा विषय ऐन रंगात आला. १७४९ साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी 'आन्नुस क्वी' हे परिपत्रक काढून चर्चमधील संगीताला शिस्त लावली. नगारे, तुताऱ्या, बासऱ्या अशा वाद्यांना त्यांनी मनाई केली. व्हायोलिन व तिच्या कुळातील तंतुवाद्यांना मात्र गाणाऱ्यांच्या कंठाला आधार देण्यापुरती मोकळीक ठेवली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १७५१ मध्ये, मूळचा लुक्का गावचा आणि कोरेल्लीचा शिष्य फ्रांचेस्को जेमिनियानी याने लंडनमध्ये व्हायोलिनवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वरकंपाचा हा मोठा कैवारी. बोट घट्ट रोवून मनगट सावकाश व सारख्या गतीने हलवावे. गजाचा दाब वाढवीत नेल्यास त्यातून भारदस्तपणा प्रकटतो, हलक्या व आखूड कंपातून व्यथा आणि भय. आखूड स्वरांवरसुद्धा तो नाद गोड करतो, म्हणून जितक्या वेळा घेता येईल तितका घ्यावा, असे त्याने सांगून टाकले.

याला उत्तर मिळाले ते १७५६ साली. साल्झबर्गच्या महाधर्माध्यक्षांच्या दरबारी चाकरी करणारे लेओपोल्ड मोझार्ट यांचा व्हायोलिन-शिक्षणावरील ग्रंथ त्या वर्षी आउग्सबुर्ग येथे छापून निघाला. त्याच वर्षाच्या जानेवारीत त्यांच्या घरी वोल्फगांगचा जन्म झाला होता. स्वरकंप निसर्गातूनच उपजतो, असे लेओपोल्ड म्हणतात. घंटेवर टोला पडल्यावर तिचा नाद लाटांसारखा हेलकावत विरून जातो, तेच हे हेलकावे. लांब स्वरावर किंवा रचनेच्या अखेरीस ते शोभतात. पण काही वादक प्रत्येक स्वरावर असे थरथरतात, जणू त्यांना कायमचा हिवताप भरला आहे! कंपामुळे स्वराची शुद्धता डळमळते, तेव्हा त्याचा वापर जपूनच व्हावा, हा त्यांचा निर्वाळा.

घंटेचा हा दृष्टान्त एकट्या लेओपोल्ड यांचा नव्हे. पादुआ येथील जुझेप्पे तार्तिनी यानेही आपल्या अलंकारविषयक विवेचनात तोच योजला आहे. तार्तिनीची जीवनकथा आपल्या वाचकांना रुचावी. १६९२ साली पिरानो येथे जन्मलेल्या या मुलाने फ्रान्सिस्कन संघात जावे अशी आईबापांची इच्छा होती. त्याने गुपचूप लग्न केले, त्यापायी त्याला पळ काढावा लागला आणि अखेर असिसीच्या मठात आश्रय मिळाला. तेथे त्याने व्हायोलिनची तपश्चर्या केली. १७२१ साली पादुआच्या संत अंतोनीच्या महामंदिरात प्रमुख व्हायोलिनवादक म्हणून त्याची नेमणूक झाली, आणि त्या शहरात त्याने काढलेल्या शाळेत दूरदूरच्या देशांतून विद्यार्थी येऊ लागले. ज्या मंदिराच्या घंटा तो नित्य ऐकत होता, त्या नादातून हा दृष्टान्त त्याला सुचला असेल काय? मला तरी तसे मानायला आवडते.

एकोणिसाव्या शतकात वाद्य धरण्याची रीत पालटली. पूर्वी व्हायोलिन गळपट्टीच्या हाडापाशी टेकवीत आणि तिचा बराच भार डावा हातच पेले. हात भार वाहत असेल, तर तो डोलणार कसा? १८२०च्या सुमारास लुडविग श्पोर या जर्मन वादकाने हनुवटीसाठी टेकू बनवला आणि डावा हात पुष्कळसा मोकळा झाला. तरीही श्पोर स्वतः संयमीच राहिला. आपल्या शिक्षणग्रंथात त्याने कंपाचे चार प्रकार सांगितले: जलद, संथ, वाढत जाणारा आणि मंदावत जाणारा. तो कोठे घ्यावा हे तो नागमोडी रेषांनी दाखवी. जेथे रेषा नाही, तेथे स्वर स्थिर.

मग १९०३ हे वर्ष उजाडले. जुन्या परंपरेचे महर्षी योझेफ योआखिम त्या वर्षी बहात्तर वर्षांचे होते. त्यांचे वादन बर्लिनमध्ये ध्वनिमुद्रित झाले आणि सुदैवाने ते आजही ऐकता येते. बाखच्या रचनेतील स्वर सरळ, उघडे, जवळजवळ निराभरण; कंप अगदी मोजक्या ठिकाणी. त्याच वर्षी २२ नोव्हेंबर रोजी, संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशी, पोप दहावे पायस यांनी चर्चमधील संगीतावर आपले प्रसिद्ध शासनपत्र काढले. नाटकगृहाचा थाट वेदीपाशी नको. ऑर्गनखेरीज अन्य वाद्ये धर्माध्यक्षांच्या खास परवानगीनेच, असा त्याचा रोख. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु अलंकार केव्हा भाव प्रकट करतो आणि केव्हा तो भावाची जागा बळकावतो, हा प्रश्न दोहोंकडे एकच होता.

वारा उलट दिशेने वाहू लागला होता. बेल्जियमचा इझाई आणि त्याच्या पाठोपाठ व्हिएन्नाचा फ्रिट्झ क्राइसलर यांनी स्वरकंपाला अलंकाराच्या पेटीतून काढून थेट स्वराच्या रक्तात मिसळले. क्राइसलर तर जलद ताना घेतानाही बोट निर्जीव ठेवीत नसे. लेओपोल्ड आउअर या थोर गुरूंनी १९२१ साली ग्रंथ लिहून या अखंड कंपाचा कडक शब्दांत निषेध केला. नियतीचा विनोद असा, की याशा हायफेट्झ, मिशा एल्मन हे त्यांचेच शिष्य अखंड कंपाचे जगन्मान्य प्रतिनिधी ठरले!

हे का घडले? काही अभ्यासक ग्रामोफोनकडे बोट दाखवतात. तबकडीवर वादक दिसत नाही, त्याचा चेहरा दिसत नाही. तेव्हा आपले व्यक्तित्व स्वरातच ओतण्याची गरज भासली. शिवाय कर्ण्यासमोर वाजवताना कंपित स्वर अधिक उठून येई. आतड्याच्या तारेची जागा पोलादी तारेने घेतली, तिचा कठोर नाद कंपाने मऊ होई, हेही एक कारण सांगतात. सगळ्यांत थोडेथोडे तथ्य असावे. १९३०च्या दशकात अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात कार्ल सीशोर यांनी मोजमाप करून दाखवले की कुशल वादकाचा कंप सेकंदाला सुमारे सहा-सात वेळा होतो आणि त्याची रुंदी साधारण पाव स्वराची असते. गायकाच्या कंपाच्या जवळपास निम्मी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या पद्धतीची वाद्ये पुन्हा हाती घेणाऱ्या वादकांनी सरळ स्वराचे सौंदर्य नव्याने उजेडात आणले, आणि लंबक पुन्हा मागे फिरला.

आपल्या प्रदेशात हे वाद्य दोन वाटांनी रुजले. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुले सोल्फेज व व्हायोलिन शिकली आणि त्यांचे वंशज मुंबईच्या वाद्यवृंदांत व चित्रपटसृष्टीत गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) त्यांपैकीच. त्यांचे वडील चर्चमधील गायकवृंदाचे मास्तर होते, आणि संगीतकार प्यारेलाल हे अँथनी यांचे शिष्य. जुन्या हिंदी गीतांत व्हायोलिनांचा ताफा एकदम वाजतो, तेव्हा प्रत्येकाचा कंप किंचित वेगळ्या गतीचा असतो. त्या वेगळेपणातूनच तो रुंद, ऊबदार नाद तयार होतो. दुसरी वाट हिंदुस्थानी संगीताची. गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांनी मांडी घालून, वाद्याचे टोक पायावर टेकवून ते गायकीच्या अंगाने वाजवले. येथे मान आहे मींडेला, घसरत जाणाऱ्या बोटाला. दरबारी कानड्यातील गंधारासारख्या ठरलेल्या स्वरालाच आंदोलन. इतरत्र स्वर स्थिर हवा, नाहीतर श्रुती झाकोळते. श्पोरच्या नागमोडी रेषांशी हा विचार किती जवळचा आहे!

आजचे शिक्षक बाहूचा, मनगटाचा व बोटाचा असे तीन कंप सांगतात. आरंभ बहुधा तिसऱ्या स्थानावर करतात, कारण तेथे तळहाताला वाद्याच्या अंगाचा आधार मिळतो. आधी तारेवर बोट न दाबता, धूळ पुसावी तसे ते पुढे-मागे सरकवायचे. मग बोट रोवून, मेट्रोनोमच्या प्रत्येक ठोक्याला दोन, मग तीन, मग चार हेलकावे. अंगठ्याने मान आवळायची नाही. आणि हेलकावा शुद्ध स्वरापासून खाली जाऊन पुन्हा त्याच स्वरावर परतायचा. परतण्याची जागा ठाऊक नसेल, तर हा प्रवास नव्हे, भरकटणे होय. या शिक्षणाला पहिल्या वर्षी हात घालत नाहीत, याचे कारण हेच.

मास्तरांनी पुढे दोन वर्षांनी मला कंप शिकवला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली पवित्र उपासनेसाठी इतर योग्य वाद्यांना दार अधिक उघडले होते. आमच्या छोट्याशा चर्चमध्ये दोन व्हायोलिनी वाजत. मास्तर गेल्यानंतर त्यांच्या मिस्साला मी वाजवायला उभा राहिलो. हात आपोआप थरथरत होता. ते कौशल्य नव्हते, दुःख होते. मला त्यांचे शब्द आठवले. पहिली ओळ मी मुद्दाम सरळ, निष्कंप वाजवली. कंप ठेवला तो एकट्या शेवटच्या स्वरासाठी.

तो स्वर विरत असतानाच बाहेर घंटेचा टोला पडला. टोला सरळ पडतो, हेलकावे मागाहून येतात. लेओपोल्ड आणि तार्तिनी यांनी तेच लिहून ठेवले होते. आमच्या मास्तरांनी ते ग्रंथ पाहिलेही नसतील, पण घंटा मात्र त्यांनी जन्मभर ऐकली होती.